पेशंटला ऐकू येणाऱ्या आवाजाबद्दल त्याच्याशी बोलावं का?

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डात काम करणाऱ्या एका सिस्टरनी विचारलं आहे. त्यांच्या वॉर्डात चौतिशीतली एक बाई आहे. तिला एक पुरुषी आवाज ऐकू येतो. 'तू घराला लागलेली कीड आहेस, विहीर जवळ कर,' असं तो म्हणतो. चार महिने औषधं चालू आहेत. झोप लागते, जेवण सुधारलं, आवाज कमी झाला, पण पुरता गेला नाही. कॉलेजात सिस्टरना शिकवलं होतं की पेशंटच्या आवाजांच्या खोलात शिरायचं नाही, लक्ष दुसरीकडे वळवायचं. आता त्यांच्या वाचनात आलं की इंग्लंडात अशा पेशंटना नर्सेसच कॉग्निटिव्ह थेरपी देतात. तर, मला हे जमेल का, आणि बोलल्याने आवाज वाढणार तर नाही ना?

सिस्टर, मी नऊ वर्षं महाराष्ट्रातल्या एका मनोरुग्णालयात काढली आणि गेली चौदा वर्षं उत्तर इंग्लंडात एका टीममध्ये नर्स म्हणून पेशंटच्या घरी जाऊन काम करते. दोन्हीकडचे वॉर्ड पाहिलेत म्हणून जरा लांबण लावते. खाली ज्या पेशंटबद्दल लिहिलंय, त्यांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

तुमचा प्रश्न थेरपीचा आहे असं वरवर दिसतं, पण मला त्यात दुसरंच काही ऐकू आलं. रोज राउंडच्या आधी तुम्ही तिला विचारत असणार, "आज आवाज आला का?" ती हो किंवा नाही म्हणते, तुम्ही केस पेपरवर लिहिता आणि पुढच्या बेडकडे वळता. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या एका शब्दात आटोपते. तुम्हाला ते टोचतंय, आणि टोचतंय हे चांगलं आहे.

आपल्याला शिकवलेला नियम अगदीच बिनबुडाचा नाही. त्याने दोन चुका टळतात. एक, पेशंटच्या हो ला हो मिळवणं, म्हणजे "हो हो, मलाही ऐकू येतंय". दुसरी, वाद घालणं. पण या दोन चुका टाळता टाळता आपण त्या विषयावर बोलणंच सोडून दिलं. त्याचं काय होतं ते मी माझ्याच हातून पाहिलं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. वॉर्डात एक आजी होत्या. त्यांना वारलेल्या सासूबाईंचा आवाज यायचा, "पीठ सैल झालं, परत मळ." मी अगदी प्रेमाने म्हणाले, "आजी, सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली ना? मग बोलणार कोण? मनाचे खेळ आहेत ते." आजी हसल्या आणि मान डोलावली. त्या दिवसापासून विचारलं की उत्तर एकच, "नाही गं, आता नाही येत." सात आठवडे मी केस पेपरवर 'आवाज नाही' असं लिहीत राहिले. त्या नोंदींवरून डोसही कमी झाला. मग एका नाईट ड्यूटीला पहाटे तीनच्या सुमारास राउंड घेताना पाहिलं, तर आजी खाटेवर बसून चादरीचा बोळा दोन्ही हातांनी मळत होत्या. तळव्याच्या टाचेने दाबायचा, घडी घालायची, परत दाबायचा. बोटं सुजली होती. आवाज एक दिवसही थांबला नव्हता. थांबलं होतं ते आजींचं मला सांगणं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नीट विचारल्याने आवाज सहसा वाढत नाहीत. पहिल्या एक-दोन वेळा पेशंट थोडी अस्वस्थ होते, कधी आवाजच तिला 'सांगू नकोस' म्हणून दरडावतो, ते सांभाळावं लागतं. पण न विचारल्याने ती एकटी पडते, आणि एकटेपणात तो आवाज बळावतो.

आता ही थेरपी म्हणजे नेमकं काय. मराठी माणसाला तिचा पाया परका नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींमुळे ती घरोघरी पोचली. घटना, घटनेबद्दलची आपली समजूत आणि त्यातून होणारा परिणाम, ही तीन पायऱ्यांची मांडणी अनेकांना तोंडपाठ असते. १९९४ मध्ये पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवुड या इंग्लंडातल्या मानसशास्त्रज्ञांनी हीच मांडणी ऐकू येणाऱ्या आवाजांना लावली. त्यांनी आवाजाला पहिल्या पायरीवर ठेवलं. आवाज ही घटना. पेशंटची भीती, रडणं, स्वतःला इजा करणं हा परिणाम. आणि मधली पायरी म्हणजे त्या आवाजाबद्दल पेशंटची समजूत: हा कोण आहे, याच्यात किती ताकद आहे, याला माझं भलं करायचंय की वाईट, आणि मी ऐकलं नाही तर काय होईल.

वॉर्डात हे डोळ्यांनी दिसतं. दोघांना सारखाच 'मर' असा आवाज येतो. एकाला वाटतं, हा गल्लीतला जुना भांडखोर शेजारी आहे. तो वैतागतो, दोन शिव्या हासडतो आणि जेवायला बसतो. दुसऱ्याला वाटतं, हा सर्वशक्तिमान आहे, याला माझ्या मनातलं सगळं कळतं. तो कापायला लागतो. शब्द तेच, आवाजाची पट्टीही तीच. फरक मधल्या पायरीचा. गोळी पहिल्या पायरीवर काम करते, आपलं बोलणं मधल्या. दोन्ही लागतात. गोळी बंद करून बोलणं सुरू करा असं मी कुणालाही सांगणार नाही.

नर्सेसनी हे करावं ही कल्पना कुठून आली तेही सांगते, कारण तुमच्या डॉक्टरांना पटवायला उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये १९९२ पासून मानसोपचार नर्सेसना असे मनोसामाजिक उपचार शिकवणारे अभ्यासक्रम सुरू झाले. मग डग्लस टर्किंग्टन आणि डेव्हिड किंगडन या मनोविकारतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसोबत एक मोठा प्रयोग केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनियाचे ४२२ पेशंट होते. त्यातल्या २५७ जणांना त्यांच्या भागातल्या सामुदायिक नर्सेसनी सहा बैठकींची छोटी थेरपी दिली, उरलेल्या १६५ जणांना नेहमीचेच उपचार. नर्सेसना दहा दिवसांचं प्रशिक्षण आणि पुढे नियमित मार्गदर्शन होतं. थेरपी घेतलेल्यांची एकंदर लक्षणं, आजाराची जाण आणि नैराश्य यांत जास्त सुधारणा दिसली. आणि तुमच्या भीतीशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, त्यांच्यात आत्महत्येचे विचार वाढले नाहीत.

पण फायदा किती, हेही प्रामाणिकपणे पाहायला हवं. त्या प्रयोगाच्या हिशेबाने तेरा जणांना ही थेरपी दिली, तर एकंदर लक्षणांत एका जणाला नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्तीचा ठळक फायदा होतो. ही जादू नाही. आवाज बंद होईल असं वचन पेशंटला कधी देऊ नका, नातेवाईकांना तर अजिबात नको. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या बहुतेकांचा आवाज राहिला. त्यांचं त्या आवाजापुढे वाकणं कमी झालं.

मी काय करते ते आता सांगते. पहिल्या दोन-तीन भेटींत मी काहीही बदलायला जात नाही. नुसतं विचारते, आणि खरोखर जाणून घ्यायचं असतं म्हणून विचारते. आवाज कुठून येतो, डाव्या कानातून, उजव्या, की भिंतीपलीकडून? बाईचा की पुरुषाचा? वय काय वाटतं? कुठल्या भाषेत, कुठल्या बोलीत बोलतो? पहिल्यांदा आला तेव्हा घरात काय चाललं होतं? कधी मोठा होतो, कधी बारीक? जेवताना येतो का, पाण्याच्या नळाखाली येतो का? अशा प्रश्नांनी पेशंटचा चेहरा बदलताना मी कितीदा पाहिलाय. "हे आजवर कुणी विचारलंच नाही," हे वाक्य इंग्रजीतही ऐकलंय आणि मराठीतही.

ती विचारेल, "सिस्टर, तुम्हाला ऐकू येतो का?" खोटं बोलू नका. "मला नाही ऐकू येत. पण तुम्हाला येतोय, आणि त्याचा किती त्रास होतोय ते मला दिसतंय." हे वाक्य तिच्या नवऱ्यालाही शिकवा. घरी त्याला एक तर "कुठंय कोण?" म्हणायची सवय असेल, नाही तर "बाहेरचं आहे" म्हणायची.

मग मी लाज कमी करायचं काम करते. वेल्समधल्या डब्ल्यू. डी. रीस नावाच्या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये एक लेख लिहिला. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवलं होतं, आणि शंभरात तेराजणांनी त्याचा आवाजही ऐकला होता. ही साधीसुधी, घर सांभाळणारी माणसं. आपल्याकडेही वडील गेल्यावर महिनाभर अंगणात त्यांच्या काठीचा आवाज ऐकलेली माणसं कमी नाहीत, कुणाला सांगत नाहीत इतकंच. चार रात्री झोप नसली, कडक ताप असला, मोठा धक्का बसला, की मेंदू असं करू शकतो. हे ऐकून पेशंटला 'मी माणसांतून उठले' असं वाटणं थोडं सैल होतं.

आणखी एक गोष्ट भारतीय नर्सेसनी लक्षात ठेवावी अशी आहे. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी चेन्नई, घानातलं आक्रा आणि अमेरिकेतलं सॅन मटेओ इथे प्रत्येकी वीस पेशंटना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकेतल्या पेशंटच्या बोलण्यात हिंसा आणि युद्ध जास्त. चेन्नईतल्या अर्ध्याहून अधिक लोकांना नातेवाइकांचे आवाज येत, आणि ते आवाज घरातली कामं सांगत. ते वाचताना मला वॉर्डातल्या त्या पीठ मळणाऱ्या आजी आठवल्या. इंग्रजी पुस्तकातली प्रश्नावली आपल्या पेशंटला तशीच्या तशी लावू नका. तिच्या आवाजाचं एखादं नातं असण्याची शक्यता मोठी आहे.

मधल्या पायरीवर काम कसं करायचं, त्यासाठी एका काकांचं सांगते. ते मुलाकडे इंग्लंडात राहायला आलेले, सत्तरीचे, मूळचे पुणे जिल्ह्यातले. पत्नी गेल्यावर आवाज सुरू झाला. आवाज म्हणायचा, मी खंडोबा, अन्नाला शिवू नकोस. काकांचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं. मुलगा सांगून थकला की असं काही नसतं. त्याने इतकंच झालं की काका मुलाला नास्तिक समजायला लागले.

मी देव आहे की नाही या वाटेलाच गेले नाही. तो माझा अधिकारही नाही. मी आधी त्यांच्या खात्रीचं माप घेतलं. इथे आम्ही शंभरात किती असं विचारतो, पण काकांना ते जमेना. मग म्हटलं, "काका, हा खंडोबाच आहे याची खात्री किती आणे?" ते लगेच म्हणाले, "सोळा आणे." पुढच्या भेटीत मी त्यांना खंडोबाबद्दल बोलतं केलं. ते खुलले. चंपाषष्ठी, भंडारा, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून चढलेला जेजुरीचा गड, सगळं निघालं. मी विचारलं, "चंपाषष्ठीला नैवेद्य कसला असतो?" "भरीत-रोडग्याचा." "आणि मग तो कोण खातं?" "सगळे खातात, आल्यागेल्यालासुद्धा." मग ते थांबले. चहाचा कप बशीत ठेवला. मी काहीच बोलले नाही. खूप वेळाने काका म्हणाले, "लेकराला उपाशी ठेवणारा तो नव्हे." मी विचारलं, आता किती आणे? "दहा."

त्यांची श्रद्धा तशीच राहिली, किंबहुना तिच्याच आधारावर ते आवाजासमोर उभे राहिले. पुढे ते म्हणायचे, हा नाव खंडोबाचं घेतो, पण बोलणं त्याचं नाही. आवाज अजून येतो. काका दोन वेळा जेवतात. ते 'दहा' त्यांच्या तोंडून यायला पाच भेटी गेल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी 'खंडोबा असं म्हणणार नाही' म्हणाले असते, तर त्यांच्या लेखी मीही मुलाच्याच पंगतीला बसले असते. आपण प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचं, उत्तर त्यांचं यायला हवं. गप्प बसणं आपल्याला सगळ्यात अवघड जातं, कारण वॉर्डात सूचना द्यायची सवय असते.

ताकद तपासायची दुसरी रीत म्हणजे जुना पुरावा शोधणं. एका बसचालकाला आवाज सांगायचा की दार तीनदा वाजवलं नाहीस तर आईचं घर जळेल. आम्ही मिळून आठवलं की मागे फ्लूने तो दोन दिवस अंथरुणातून उठला नव्हता. दार वाजवलं नाही. आईचं घर जागेवर होतं. त्यानंतरच प्रयोग: आवाजाला सांगायचं, "चहा पिऊन मग बघतो." आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. आवाजाला थांबवता येतं, हे कळणं त्याच्यासाठी फार मोठं होतं.

तात्पुरत्या युक्त्यांबद्दल थोडक्यात. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांना दिसलं की पेशंटना आवाज ऐकू येत असताना मेंदूचा बोलण्याशी संबंधित भाग जास्त काम करत होता. म्हणून मोठ्याने वाचणं, गुणगुणणं, पाढे म्हणणं यांनी अनेकांचा आवाज तेवढ्यापुरता दबतो. हरिपाठ मोठ्याने म्हणणं काहींना फार लागू पडतं. पण आवाज देवाच्या नावाने येत असेल तर आधी विचारून घ्या, उलटंही होऊ शकतं. एका कानात इअरफोन घालून गाणी, हेही चालतं. एखादीला काहीच लागू पडत नाही. तिला अपयशी वाटू देऊ नका.

आता तुमच्या पेशंटकडे येते, कारण तिचा आवाज हुकूम देणारा आहे आणि तिथे क्रम बदलतो. बाकी सगळ्याच्या आधी सुरक्षितता. स्पष्ट शब्दांत विचारा: "त्या आवाजाचं कधी ऐकलंत का? अर्धवट तरी? विहिरीपाशी जाऊन परत आलात का? परत कशामुळे आलात?" असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, तो तिथे आधीच आहे. पण 'अर्धवट' हा शब्द विसरू नका. बऱ्याच जणी आवाजाला थोडंफार खूश ठेवून वेळ मारून नेतात, आणि आपल्याला वाटतं धोका नाही. घराजवळ खरोखर विहीर आहे का ते नवऱ्याला विचारा. डिस्चार्जआधी झाकण, कुलूप, सोबत कोण, हे ठरायला हवं. उत्तरं त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला आणि लिहून ठेवा.

'परत कशामुळे आलात' याचं उत्तर मात्र जपून ठेवा. मुलगा असेल, शेजारीण असेल. त्या क्षणी तिने आवाजाचं ऐकलं नाही आणि काही बिघडलं नाही. मधल्या पायरीवरचा पहिला पुरावा तोच. हुकूम देणाऱ्या आवाजांवर बर्चवुड यांच्याच गटाने १९७ पेशंटवर काम केलं, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आवाजाच्या ताकदीवरच भर होता. दीड वर्षाने थेरपी घेतलेल्यांत २८ टक्के लोक आवाजाचं ऐकत होते, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४६ टक्के. पण तिथले थेरपिस्ट या कामासाठी खास तयार केलेले होते. म्हणून हा भाग एकट्याने अंगावर घेऊ नका.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत पडतं. पूर्ण थेरपी, जिच्या किमान सोळा बैठकी असाव्यात असं ब्रिटनच्या २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, ती प्रशिक्षण आणि वर देखरेख करणारं कुणी असल्याशिवाय करू नये. इथेही मी दर पंधरवड्याला माझ्या केसेस दुसऱ्यासमोर मांडते, इतकी वर्षं होऊनही. तुमच्या जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. ते भरलेलं असेल तर त्यांना गाठा, महिन्यातून एक तास मागा. पण वर लिहिलेलं विचारणं, ऐकणं, खात्रीचं माप घेणं, हे नर्स करू शकते, आणि बऱ्याचदा नर्सच करू शकते. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात. चादर मळणारे हात पहाटे तीनला दिसतात, आणि त्या वेळी वॉर्डात तुम्ही असता.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पेशंट अजून भडकलेल्या अवस्थेत असेल, रात्ररात्र झोपत नसेल, तर थांबा, आधी औषधाला काम करू द्या. तुमच्याकडे चाळीस पेशंटमागे एक सिस्टर असेल, तर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं हेच खूप झालं. आडोशाला बसायला जागा नसेल तर व्हरांड्यात चालता चालता बोला. समोरासमोर बसण्यापेक्षा काहींना तेच बरं वाटतं.

उद्या सुरुवात करताना डॉक्टर आणि सिस्टर इन्चार्जना आधी सांगून ठेवा. मग तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "रोज मी आवाज आला का एवढंच विचारते. तुमच्यासाठी ते कसं असतं, ते मला कळलेलं नाही. सांगाल का? नको वाटलं तर मध्येच थांबू." बोलताना ती घामेजली, नजर स्थिर झाली, आवाज वाढलाय म्हणाली, तर तिथेच थांबा. पाय जमिनीला टेकवायला सांगा, पाणी द्या, खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवा, आणि शांत होईपर्यंत उठू नका. ती घरी गेल्यावर रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलतात. नंबर डिस्चार्ज कार्डावर स्वतःच्या हाताने लिहा आणि नवऱ्याच्या मोबाईलमध्येही टाकून द्या.

आणि तो पुरुषी आवाज कुणाचा आहे हे पहिल्या भेटीत विचारलंत, तरी उत्तराची घाई करू नका. कधी कधी तो आवाज अशा माणसाचा असतो ज्याने तिला खरोखर इजा केलेली असते, आणि तो माणूस भेटीच्या वेळी डबा घेऊन वॉर्डात येत असतो. नातेवाईक बाहेर गेलेत याची खात्री करूनच तो प्रश्न काढा.